उत्तर वत्सलाकाकूंचंच हवं

झाशीहून परत आल्यापासून जो भेटतो तो किल्ल्याचंच विचारतो. किल्ला मी रोज पाहिला. पण तो ऑटोतून, मान वाकडी करून, शेजारच्या बाईच्या भाजीच्या पिशवीवरून. आत एकदाही गेले नाही. मी गेले ती लोकांच्या दारांपर्यंत, आणि दार उघडलं तर माजघरापर्यंत. तेवढीच झाशी मला दिसली. ती सांगते.

माझं काम प्रश्न विचारण्याचं. पुण्यातल्या एका सर्वेक्षण संस्थेत अर्धं आयुष्य गेलं. आधी मी स्वतः मुलाखती घेत असे, आता मुलाखती घेणाऱ्यांना शिकवते. यंदाचा विषय होता म्हातारपण. माणसं साठीनंतर दिवस कसा घालवतात, झोप लागते का, दवाखाना किती लांब पडतो, दिवसभरात कुणाशी बोलणं होतं, करायचं काही राहून गेलंय का. हे काम अनेक राज्यांत चाललं होतं. झाशीतल्या मुलाखती तिथल्याच मुली घेणार होत्या, आणि सुरुवातीचे काही दिवस त्यांच्याबरोबर हिंडायला म्हणून मी फेब्रुवारी सरता सरता तिकडे पोचले.

पुढे जी माणसं येतील त्यांची नावं बदलली आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्यांच्यातल्या एकीनं तर फोनवर हे सगळं वाचून घेतलं आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली.

सीपरी बाजार

पहिल्या सकाळी रचना मला न्यायला आली. रचना कुशवाहा, तिशीची, झाशीचीच. पाठीवर सॅक, डोक्यावर हेल्मेटच्या आत ओढणी, आणि स्कूटी अशी चालवायची की मागे बसलेल्या माणसाला सगळे देव आठवावेत. "मॅडम, पकड़ के बैठिएगा," एवढं सांगून ती सुटली. सीपरी बाजारात दुकानं नुकती उघडत होती, कढईत कचोऱ्या पडत होत्या, आणि दुचाक्या व ऑटो एकमेकांच्या अंगावरून, पण अंगाला न लागता जात होते.

आमच्या कामात घर आपण निवडायचं नसतं. वस्तीतली सगळी घरं घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही घरं काढली जातात. मग त्याच घरात जायचं. शेजारचं घर कितीही प्रेमळ असो, तिथे नाही.

पहिलं घर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होतं. लोखंडी जाळीच्या आतून साठी-पासष्टीचे एक गृहस्थ बोलले. रचनानं ओळखपत्र दाखवलं, नमस्कार केला.

"सर्वे?" ते म्हणाले. "परसों भी एक का फ़ोन आया था सर्वे का. दो मिनट में खाते का नंबर पूछने लगा."

"बाबूजी, हम खाता-वाता कुछ नहीं पूछेंगे. आप चाहें तो इस नंबर पर दफ़्तर में पूछ लीजिए."

"वो भी यही बोला था बेटा," ते म्हणाले आणि आत गेले. अपमान केला नाही. आतून कडी मात्र घातली.

रचनाचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही कडी घातली असती. हे आमच्या धंद्याचं आजचं दुखणं आहे. मी शिकाऊ असताना लोक चहा पाजून, उलट आमचीच चौकशी करत. आता सर्वेक्षणाचं नाव घेऊन कुणी साबण विकतो, कुणी खात्यातून पैसे काढतो, आणि खऱ्या प्रश्नांसाठी दार बंद होतं. ती उघडी दारं मला फार आठवतात.

म्हणून वाचणाऱ्यांना इथेच सांगून टाकते. खरा सर्वेक्षक आपण कुठून आलो ते आधी सांगतो, ओळखपत्र दाखवतो, खात्री करून घ्यायला वेळ देतो. बँकेचा, आधारचा, फोनवर आलेल्या आकड्यांचा विषयही काढत नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नको वाटलं तर नाही द्यायचं, मधेच उठायचं असलं तर उठायचं. तुम्ही जे सांगाल ते तुमच्या नावानं कुठेही जात नाही. यातलं काही चुकलं तर खुशाल दार लावा. पण सगळं जुळत असेल, तर थोडा वेळ त्या माणसाला द्या. तुमच्या दारात तो तुमच्यासाठी आलेला असतो आणि तुमच्या बदली दुसरं कुणी चालत नाही.

दुपारकडे एका रेल्वेच्या कुटुंबाचं दार उघडलं. माझे उच्चार ऐकून बाई म्हणाल्या, "तुम्ही महाराष्ट्रातल्या का? आम्ही भुसावळचे!" आत नेऊन बसवलं, लेकीला पाणी आणायला सांगितलं. आई मराठीत बोलायची, लेक ते नीट ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "कळतं सगळं तिला," बाई म्हणाल्या, "फक्त तोंडातून निघत नाही." त्या घरात साठीच्या पुढचं कुणीच नव्हतं, त्यामुळे आम्हाला उठावं लागलं. बाई दारापर्यंत आल्या. "म्हणजे आम्हाला काहीच नाही विचारणार?"

दिवसभरात किती 'नाही' ऐकले, पण मनाला लागला तो हा प्रश्न.

संध्याकाळी ऑटोनं इलाइट चौराह्याजवळच्या लॉजवर परतले. बाहेरगावच्या कामावर असले की या वेळेला माझ्या नवऱ्याचा, अनिलचा, फोन यायचा. "काय, आज किती दारं उघडली?" बस्स, एवढंच विचारायचा आणि मग ऐकत राहायचा. मी दारं, जिने, कुत्री, चहा सगळं सांगायची. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. त्या वेळेला हात अजून फोनकडे जातो. खाली चौकात दिवे लागले होते, समोशाच्या गाडीभोवती गर्दी होती, आणि एवढ्या माणसांत आजचा माझा दिवस कसा गेला हे विचारणारं एकही नव्हतं. हे तक्रार म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते मला का एवढं लागलं ते कळावं म्हणून सांगते.

खंडेराव गेटच्या आत

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या शहरात गेलो. वेशीचं नाव मराठी, आतल्या गल्ल्यांत बोलणं सगळं हिंदी आणि बुंदेली. गल्ली एवढी अरुंद की रचनाला स्कूटी बाहेर लावावी लागली. निवडलेलं घर साधंच होतं: सिमेंटचं, दोन मजली, खिडकीत बांधून ठेवलेला कूलर. दारावरची पाटी मात्र वाचून मी थबकले. पागे.

बेल वाजवायच्या आत दार उघडलं. पांढरा झब्बा, कपाळावर चष्मा, उंचेपुरे गृहस्थ. रचनानं हिंदीत सुरुवात केली, मधेच मी बोलले, आणि त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले.

"मराठी! अरे वा! या, या जी. आत या. धूप फार आहे बाहेर. अगं, पुण्याहून पाहुण्या आल्यात!"

माधवराव पागे इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, इतिहास शिकवून निवृत्त झालेले. शिकवणं काही निवृत्त झालं नव्हतं. घरात किती खोल्या आहेत, हा रचनाचा पहिला प्रश्न. त्यावर काकांनी मूळपुरुष दक्षिणेतून घोडा घेऊन कसा आला तिथून आरंभ केला. घोडा नर्मदेपर्यंत येतो तोवर चहा आला. चहा आणणाऱ्या काकू ठेंगण्या, गव्हाळ, पदर खोचलेला. ट्रे ठेवला, माझ्याकडे पाहून अगदी थोडं हसल्या आणि आत गेल्या.

"ही तुमच्याकडची," काका म्हणाले. "वाईची. पन्नासेक वर्षं झाली इथे येऊन. अब तो पक्की झाँसीवाली आहे."

"तिकडे जाणं होतं का?" मी सहज विचारलं.

"पहले जायची. आता तिकडे कोण आहे? इथे सगळं बरं आहे तिचं."

घरात साठीच्या पुढची माणसं दोन. अशा वेळी आमच्या हातातलं यंत्र दोघांतून एकाचं नाव काढतं. त्यात आमची ढवळाढवळ नसते. रचनानं दोघांची नावं घातली, बटण दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. नाव आलं होतं वत्सला पागे.

काकांचा चेहरा एकदम लहान झाला. तयारी करून आलेल्या मुलाला वर्गात उभंच केलं नाही की होतो तसा. पण लगेच सावरले. "अहो, काही हरकत नाही. मी सांगतो ना तिचं. तिचं माझ्याहून जास्त मालूम कुणाला? लिहा तुम्ही."

"काका, उत्तर काकूंचंच हवं."

आतून काकूंचा आवाज आला. "मला नका बाई विचारू. त्यांनाच विचारा. माझं काय आहे सांगण्यासारखं?"

मी माजघराच्या दारापर्यंत गेले. त्या पाटावर बसून मटार सोलत होत्या. मी म्हटलं, यात बरोबर-चूक काही नाही, परीक्षा नाही. त्यांनी मान हलवली. "नको. मला नाही जमायचं." हात थांबले नव्हते.

नाही म्हणजे नाही. आग्रह करायचा नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. मी निरोप घेतला.

काका गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. त्यांना वाईट वाटत होतं, आमच्यासाठी. "उन्हाचं इतकं आलात. असं करा, नाव तिचं टाका, मी इथेच उभ्या उभ्या सांगतो. फरक काय पडतो?"

रचनाही माझ्याकडे आशेनं बघत होती. आदल्या दिवशीची बंद दारं तिच्या डोक्यात असणार. मी दोघांनाही एकदमच सांगितलं. "काका, तुम्हाला बोलायला आवडतं. तुमच्यासारखी माणसं आम्हाला दारातच भेटतात. आम्ही तुमचंच लिहून घेत गेलो, तर कागदावर जे म्हातारपण उतरेल ते फक्त बोलक्यांचं असेल. मग दवाखाना, बाग, बस, सगळं बोलक्यांच्या सोयीनं होईल. आत बसून मटार सोलणाऱ्यांचं काय?"

काका चष्मा पुसत उभे राहिले.

पुन्हा तीच गल्ली

दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत पलीकडच्या घरी काम होतं. ते आटोपून निघालो, तर वरच्या गॅलरीतून हाक आली. "अहो पुण्याच्या!"

काकू होत्या. जिना उतरून दारात आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुम्ही विचारणार ते मराठीत विचारता येतं का?"

"येतं."

"आणि मी सांगेन ते यांना सांगणार नाही?"

"कुणालाच नाही सांगणार. घरातल्यांनाही नाही, बाहेरच्यांनाही नाही."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "मग या वर. काल तुम्ही गेल्यावर मटार सोलता सोलता वाटलं, सांगण्यासारखं काय आहे ते निदान बघावं तरी."

मुलाखत एकटीची व्हावी लागते. काका खालच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना गुंतवायचं काम रचनानं घेतलं. "बाबूजी, वो घोड़ा नर्मदा पर छूट गया था," ती म्हणाली, आणि काकांनी पेपर घडी करून ठेवला.

वरच्या खोलीत मी आणि काकू. खिडकीतून समोरच्या गच्च्या, त्यांवर वाळत घातलेल्या डाळीच्या बड्या, आणि त्या सगळ्यांच्या वर किल्ल्याची एक भिंत.

काकूंनी मला काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यांना शब्द दिला होता. एवढंच सांगते की पहिल्या दोन-तीन प्रश्नांना त्या एका शब्दात उत्तर देऊन दाराकडे बघायच्या, कुणी दुरुस्त करतंय का म्हणून. मग बघायच्या थांबल्या. एका प्रश्नाला खूप हसल्या. एक प्रश्न पुन्हा वाचायला लावला, आणि त्यानंतर इतका वेळ गप्प राहिल्या की खालून काकांचा आवाज, गल्लीतला भंगारवाला, शेजारचा कुकर, सगळं ऐकू यायला लागलं. मीही गप्प राहिले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण तिथल्या गच्च्या त्यांना दिसत नव्हत्या हे मला कळत होतं. मग त्या बोलल्या, सावकाश, आणि मधे मधे असे शब्द आले जे मी माझ्या आजोळी ऐकले होते आणि नंतर कुठेच ऐकले नव्हते. पन्नास वर्षं हिंदीत वावरून त्यांनी ते तसेच ठेवले होते, वापरायला कुणी नसताना.

शेवटचा प्रश्न झाला. मी आभार मानले.

"संपले?" काकू म्हणाल्या.

"हो."

"एवढेच असतात?" त्यांनी माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं. "अजून असते तरी चाललं असतं."

खाली आलो तर काका जिन्याच्या पायथ्याशीच उभे. रचना कोपऱ्यात जांभई दाबत होती. काकू स्वयंपाकघरात गेल्या. काका मला बाहेर घेऊन आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काय म्हणाली?"

"ते मला सांगता येणार नाही, काका."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"म्हणूनच."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. वरच्या खिडकीकडे बघत राहिले. "बडी देर बोलत होती," ते म्हणाले. "शब्द नाही कळले, आवाज येत होता. माझ्याशी एवढी कधी बोलत नाही हो. मी रोज इथेच असतो. समोरच."

मला त्यांची फार कणव आली. आणि हेवाही वाटला. समोरच असतो म्हणणारं माणूस घरात असणं काय असतं, ते मला विचारावं.

इलाइटवर

सकाळी कामाला निघण्याआधी आमच्या मुली चौराह्यावरच्या एका टपरीपाशी जमत. तिथला चहा आल्याचा, आणि आधी पाजून मग पैशांचं बोलायची तिथे रीत. आमच्याकडे टपरीवाला सुट्टे काढून ठेवा म्हणतो, इथला म्हणाला, "पहले पियो दीदी, चाय भागी जा रही है क्या?" बाकीच्या मुली निघून गेल्या होत्या, रचना आणि मी राहिलो होतो, तेवढ्यात समोरून काका येताना दिसले. एकटेच. ऑटोनं आले होते, टपरीचा पत्ता आदल्या दिवशी रचनाच्या गप्पांतून लागलेला.

"एक विचारायचं होतं," बाकावर बसत ते म्हणाले. इकडे तिकडे पाहिलं. "तुम्ही असं काय विचारता?"

"म्हणजे?"

"मी काल विचारून बघितलं तिला. दोनदा. काही बोलली नाही. हो म्हणाली आणि दूध तापवायला गेली."

"काय विचारलंत?"

"विचारलं, तुला इथे बरं वाटतं ना?"

रचना हसलीच. "बाबूजी, आप तो सवाल के साथ जवाब भी परोस देते हैं. अम्मा करें क्या? खा लेती हैं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वर्गात प्रश्न विचारलेला माणूस. मला वाटलं, दुखावले. पण ते म्हणाले, "फिर कैसे पूछें, बेटा?"

मग त्या टपरीपाशी, ऑटोंच्या भोंग्यांत, आम्ही काकांना आमचं काम शिकवलं. प्रश्नात उत्तर घालायचं नाही. 'ना' लावायचा नाही. आपल्याला काय ऐकायचंय ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. एका वेळी एकच विचारायचं. आणि विचारून झालं की थांबायचं.

"थांबायचं म्हणजे किती?"

"ती बोलेपर्यंत."

"आणि नाही बोलली तर?"

"तरी थांबायचं. गप्प बसलेलं माणूस रिकामं नसतं, काका. शोधत असतं."

"हमसे ये वाला नहीं होगा," काका कळवळून म्हणाले. रचनानं त्यांच्यावर सराव करून घेतला. ती झाली अम्मा. काकांनी विचारलं, "तुम्हें क्या अच्छा लगता है?" रचना गप्प. काकांनी ओठ दाबले, मांडीवर बोटं वाजवली, आणि न राहवून म्हणाले, "कढ़ी?"

"फेल," रचना म्हणाली. टपरीवालाही हसला. काकाही हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "इतकी वर्षं झाली. आता विचारलं तर तिला वाटेल, आजवर का नाही विचारलं."

"वाटेल," मी म्हटलं. "तरी विचारा."

ते ऑटोत बसले. गर्दीत ऑटो दिसेनासा होईपर्यंत मी तिकडे बघत होते. मला अनिलशी बोलायचं होतं. त्याला हे सगळं सांगायचं होतं, टपरीसकट.

जेवायला

झाशीचा माझा वाटा पूर्ण झाला, मुली तयार झाल्या, आणि पागेंच्या घरचं आमचं काम तर केव्हाच संपलं होतं. काम चालू असताना कुणाकडे जेवायचं नाही हा आमचा नियम. आता तो आड येत नव्हता. निघायच्या दिवशी दुपारी काकूंनी मला आणि रचनाला बोलावलं.

पानं जमिनीवर मांडली होती. गक्कड म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, तुपात बुडवलेले, आणि त्याबरोबर वांग्याचा भर्ता. हे झालं बुंदेलखंडी. आणि शेजारी मऊ भात, त्यावर मेतकूट. मेतकूट इथे कुठे मिळणार, काकू घरीच करतात. रचनानं ते आयुष्यात पहिल्यांदा चाखलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अम्मा, ये तो थोड़ा घर ले जाएँगे." काकूंनी आधीच डबा भरून ठेवला होता.

काका त्या दिवशी गप्प होते. घोडा नाही, नर्मदा नाही. मी प्रवासाचं बोलत होते, काकू वाढत होत्या. भात संपत आला तसे काकांनी पाण्याचं फुलपात्र खाली ठेवलं.

"वत्सला," ते म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं. एवढ्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून 'अगं' सोडून दुसरी हाक ऐकली नव्हती.

"तुला काय करावंसं वाटतं?"

आणि ते थांबले.

काकूंच्या हातात भाताची वाटी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रचनाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. काकांचे ओठ उघडले. रचनानं जेवतानाच त्यांच्यावर डोळे वटारले. ओठ मिटले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि काकूंकडे बघत राहिले. मला वाटतं, वर्गात इतका वेळ ते कधीच गप्प राहिले नसतील.

"वाईला जायचंय," काकू शेवटी म्हणाल्या.

काकांचा चेहरा उजळला. "इतकंच ना? अगं, मग जाऊ या की! होली झाली की लगेच. रिज़र्वेशन मी आजच बघतो. आधी पुणे, तिथून पुढे ह्या सांगतीलच. तिकडे आपण महाबळेश्वरलाही..." बोलता बोलता ते एक हात टेकून उठायलाही लागले होते, फोन शोधायला.

"थांबा," काकू म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. पण काका होते तिथेच थांबले, अर्धे उठलेले.

"माझं अजून झालेलं नाही."

काका हळूच खाली बसले. काकूंनी वाटी बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर पाटावर बसल्या.

रचनानं मला कोपर मारलं. आम्ही दोघींनी आपापली ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात गेलो. दार पुरतं लागत नव्हतं. रचनानं आवाजासाठी नळ सोडला, तर पाणी गेलेलं. बाहेर काकू बोलायला लागल्या होत्या, सावकाश, त्याच वरच्या खोलीतल्या सुरात. मग रचनानं बादलीतलं पाणी मोरीत ओतलं, मी कढई ओढून उलथन्यानं खरवडायला घेतली, आणि माणसांचं ऐकण्यावर पोट भरणाऱ्या आम्ही दोघी, बाहेरचं एक अक्षरही ऐकू येऊ नये म्हणून भांडी वाजवत राहिलो.